जवारीचा दोरा

आधी चौकटीच्या वहीत, पेन्सिलीनं.
मधोमध आठ पायांची आयसी,
तिच्या पोटाखाली तांब्याच्या चार पट्ट्या
ड्रिलचं पातं बोटांनी फिरवून तोडायच्या.
एक राहिली की आउटपुट थेट अर्थला.
आणि बोर्ड पालथा घातला की डावं ते उजवं.
काल इथंच फसलो, दोन आयसी गेल्या.

मिरजेत, तंतुवाद्यांच्या गल्लीत,
दस्तगीरचाचांच्या तंबोऱ्याला पिकअप चिकटवला.
अडॅप्टर लावला.
घूंऽऽ.

चाचांनी कानस खाली ठेवली.
“पांढरी पाच. किंचित चढी.”

मी हजारच्या कपॅसिटरला डाग दिला.
धूर विरला, घूं गेली.
त्यांनी खर्ज छेडला,
पुन्हा छेडला,
घोडीकडं वाकून बघितलं:
“दोरा काढलास व्हय रं?”