सिंकखालचा कप्पा

रुवीच्या सुपरमार्केटात इल्यास विचारतो, "पिशवी?"
आणि दर शुक्रवारी मी तशीच ओशाळते.
घरच्या पिशव्या घरीच.
शंभर बैसा मोजून आणखी एक, कापडी,
'पुन्हा पुन्हा वापरा' असं अरबीत छापलेली.

सिंकखाली त्या आता एक्केचाळीस झाल्यात.
मोजल्या, आणि दार पायानं ढकललं.
प्लास्टिक बंद झालं तेव्हा
दुकानाच्या पोस्टरवर कासव हसत होतं.
कासवाला माझा कप्पा कुणी दाखवू नका.

शेवटी गठ्ठा बांधून
शिंप्याकडे नेला, सिल्हटच्या नूरुद्दीनकडे:
उशांचे अभ्रे तरी होतील.
त्यानं दोन बोटांत चोळून पाहिलं.
"हे कापड नाही, बाई.
कापडासारखं आहे. उन्हात चुरा होईल."
आणि माझ्याच विटक्या चादरीची एक शिवून दिली,
दुहेरी टाक्याची. तिच्यावर कुणाचंच नाव नाही.

या शुक्रवारी ती धुऊन दोरीवर होती.
"पिशवी?"
नको म्हटलं.
कांदे-बटाटे ओढणीत घेतले,
चव्वेचाळीस अंशांत पार्किंग ओलांडलं.
एक बटाटा कुणाच्या तरी गाडीखाली गेला.
तोही वाकून काढला.