टिंबं, रेघ आणि शून्य

युनिव्हर्सिटीच्या मागच्या खोलीत
मी देश भरते.
ओळीत देश, रकान्यात साल, चौकटीत डॉलर.
मासा कुठेच नाही.

नॉर्वेचा एक आणि आमचे दहा
एका तागडीत कधी बसले नसते,
इथे बसतात, गुमान.
चीनच्या आकड्याला रकाना पुरत नाही,
रुंद केला
की शेजारचं साल चेपलं जातं.

तळटीप नीट वाचायची:
शून्य म्हणजे काही नाही.
आडवी रेघ म्हणजे आहे, पण मोजण्याजोगं नाही.
तीन टिंबं म्हणजे
असेलही. कुणी कळवलं नाही.

टिंबांना शून्य समजू नकोस, दिघेसर बजावतात,
प्रबंध तिथेच बुडतात.

मला हे कुणी शिकवायला नको होतं.
दांडिया बाजारात, शाहकाकांच्या माडीवर,
दर रविवारी आमच्या खिडक्या लागायच्या.
उदबत्तीचा अख्खा पुडा.
काटे पेपरात, पेपर पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत,
आणि बाबा सायकलवरून नदीपार.
काकी जिन्यातून विचारायच्या, आजे शुं बनाव्युं?
आई म्हणायची, बटाटा.
एकोणीस वर्षं बटाटा.

काल विश्वामित्रीच्या पुलाखाली उतरले,
म्हटलं एक तरी आकडा स्वतः आणावा.
छीतुभाई माछी ट्यूबवर बसून जाळं झटकत होता.
पलीकडे चिखलात मगर,
चिखलासारखीच.
वर्षाला किती निघतो माल?
तो म्हणाला, अर्धा तिचा. ती लिहून ठेवत नाही.
बरं, तुमचा अर्धा?
कोणाला सांगायचाय?
रोमला जातो हिशेब, मी म्हटलं.
रोम? ए क्यां आव्युं? पादऱ्याच्या पुढे?
मी हो म्हटलं.
पुढेच आहे की.

निघताना त्यानं एक मरळ पिशवीत टाकली.
पैसे घेईना.
आता ही कुठे भरू?
धरलेली की पाळलेली, ते तरी कळतं,
पण किंमत?
रिक्षात मांडीवर ती तीनदा उसळली,
रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं
आणि काही विचारलं नाही.

फ्लॅट आता आमचाच आहे, सातवा मजला.
तेल तापलं.
आई न बोलता उठली
आणि खिडकी लावून आली.