एक हजारांश

इरण्णानं कॅमेरा दिला सात हजारांत,
पट्ट्यावर अजून कुणाच्या तरी हळदीचा डाग.
म्हणाला, अडीचशे लग्नं काढलीत ह्यानं,
आता तुमच्याकडं बसून पेन्शन खाऊ दे.
मेनू तेवढा जपानीत अडकलाय.
भाषा बदलायचं बटण आहे,
पण तेही जपानीतच.

मी हसलो. ज्या गावात
पाटीवर कुठली अक्षरं वर, कुठली खाली
यावरून काचा फुटतात,
तिथं एक यंत्र आलं
ज्याची भाषा कुणाचीच नाही.
भारता म्हणाली, बरं झालं,
ह्याच्यापायी तरी बंद होणार नाही बाजार.

वहीत लिहीत गेलो:
तिसरी ओळ, चारदा उजवीकडं, म्हणजे आयएसओ.
शिडीसारखं अक्षर, बहुतेक तारीख.
छत्रीसारखं अक्षर दाबलं
आणि अख्खा रविवार पुसला गेला,
येळ्ळूरचा गड, भाताची खाचरं,
पंचेचाळीस बगळे
(तसे ते बगळे दिसतच नव्हते,
चुन्याची बोटं पुसल्यासारखे होते).
छत्रीपुढं लाल पेनानं फुली मारली.

उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर होतो.
हजारांश मला कुणी शिकवायला नको.
इंचाचा हजारावा भाग, आम्ही थाऊ म्हणायचो,
मायक्रोमीटरच्या जबड्यात जॉब धरायचा,
टोकाची मूठ तीनदा कटकटली की सोडून द्यायची.
पण तो लोखंडाचा.
हा सेकंदाचा.
हा कशात धरायचा?

म्हणून जुन्या शेडवर गेलो.
मक्तुमसाब माझ्याआधी दोन वर्षं लागलेला,
अजून त्याच मशीनवर, तीच निळी टोपी.
आत उजेड कमी. आयएसओ चढवला,
फोटोत वाळू उतरली. उतरू दे म्हटलं.
एक हजारांशावर बटण दाबलं
आणि फिरता चक उभा राहिला:
तिन्ही जबडे सुटे, एकावर जुना टवका,
हत्यारावरून उठलेली लोखंडाची कुरळी साल
निळी, तापलेली, हवेतच.
एकतीस वर्षं समोर असून
हे मी पाहिलं नव्हतं.

मक्तुमसाबनं चष्मा वर केला, स्क्रीनवर वाकला.
'बंद मशीनचा फोटो कशाला काढूलैस रे?'

खरंच की. थांबवायला गेलो आणि बंद पाडलं.
मग कॅमेरा टूलबॉक्सवर टेकवला,
खाली कापसाच्या चिंध्या,
अर्धा सेकंद, श्वाससुद्धा घेतला नाही.
ह्या वेळी चक फिरला.
दुधाच्या भांड्यात रवी घातल्यासारखा फिरला.
मशीनचा पाया स्थिर, दिवा स्थिर,
भिंतीवरचं कॅलेंडर, तारखेसकट, स्पष्ट.
फक्त हँडलवरच्या हाताच्या जागी
दोन हात होते.

कॅमेरा हलला नव्हता.

हा फोटो मी त्याला दाखवला नाही.
बॅटरी संपली म्हणालो.
त्यानं चहा मागवला, कप बशीत ठेवून प्याला,
बशी दोन्ही हातांनी.
असाच पितो तो. कधीपासून, आठवेना.

तो हात धुवायला गेला तेव्हा
ट्रेमधला सकाळचा जॉब उचलला,
मायक्रोमीटर लावला. तीनदा कटकट.
पुन्हा लावला, उलट बाजूनं.
दुसरा जॉब घेतला. तिसरा.
एक थाऊ इकडं नाही, तिकडं नाही.

घरी येऊन वही उघडली.
लिहिलं: अर्धा सेकंद, टूलबॉक्सवरून. हात हलला.
त्याच ओळीत: तीन जॉब तपासले. माप बरोबर.
मधे 'पण' लिहायचं होतं,
पेन तिथंच थोडा वेळ टेकलेलं राहिलं,
शाईचा एक ठिपका झाला.
भारतानं विचारलं, बगळे आले का आज?