अठ्ठावीस वॉट

शोगिकनं लॅपटॉप काउंटरवर ठेवला तो पालथाच,
तापानं फणफणलेल्या पोराला ठेवावं तसा.
"उस्ता, हा खेळता खेळता मरतो," म्हणाली.
"आधी किंचाळतो, मग मरतो."

बुर्ज हम्मूदच्या आमच्या गल्लीत
आभाळ दिसतं ते वायरींच्या फटींतून,
आणि कुठली वायर कुणाच्या घरात उतरते
हे एकट्या जनरेटरवाल्या मार्दिरोसला ठाऊक.
शोगिकच्या घरी पाच अँपिअर येतात.
पाच. त्यात फ्रिज, पाण्याचा पंप, दोन दिवे,
आईचं शिलाईमशीन आणि शिवण दाबायची इस्त्री.
हिचा खेळ सुरू झाला की आईनं हात आवरायचे,
नाहीतर खटका पडतो,
आणि अंधारात दोघी एकमेकींचं नाव घेतात.

सहा स्क्रू काढले. सातवा आधीच कुणी हरवलेला.
पंख्याच्या पात्यांत मांजराचे केस,
लाल दोरा, निळा दोरा, खाकी दोरा,
आईच्या वर्षभराच्या ऑर्डरी गुंडाळून बसलेल्या.
प्रोसेसरवरची पेस्ट वाळून तिचे पोपडे सुटलेले.
स्पिरिटनं पुसलं, नवी लावली तांदळाच्या दाण्याएवढी.
पूर्वी मी घड्याळं दुरुस्त करायचो,
थेंब केवढा, हे बोटांना अजून कळतं.

चालू केला. अठ्ठ्याण्णववरून अठ्ठ्याऐंशी अंश.
"एवढंच?"
"पोरी, पेस्टनं ताप उतरतो, हाव नाही उतरत.
हा टर्बो म्हणजे लग्नातला उत्साही मामा,
कुणी पाणी मागितलं की हंडा घेऊन धावतो,
मग स्वतःच पंख्याखाली बसून वारा मागतो.
त्याला बसव. मग व्होल्टेज उतरव,
दहा-दहा मिलिव्होल्टनं,
आणि दर पायरीला एक सामना खेळून बघ.
कोसळला की एक पायरी मागे ये.
उपाशी नाही ठेवायचं, लाडावायचं नाही, इतकंच."

आठवड्यानं आली.
जनरेटरच्या बिलामागे पेन्सिलीनं लिहिलेलं:
उणे चाळीस, ठीक.
उणे साठ, ठीक.
उणे ऐंशी, ठीक, आई इस्त्री करत होती तरी.
उणे नव्वद, मेला. जिंकत होतो.
टर्बो बंद. मर्यादा अठ्ठावीस वॉट.
तापमान एकाहत्तर.
फ्रेम एकशे चाळीसवरून सत्तर,
या ओळीखाली दोन रेघा, कागद फाटेस्तोवर.

"मग आता रडगाणं कसलं?"
"रडगाणं नाही," म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली.

तिचा भाऊ हराच विनिपेगला गोदामात आहे.
इथे रात्रीचा एक, तिकडे संध्याकाळ,
तेव्हा दोघं एका संघातून खेळतात.
त्याचा लॅपटॉप खिडकीच्या कठड्यावर, बाहेर उणे तीस.
"इकडे थंडी फुकट आहे," तो हिला चिडवायचा,
"आणि तू काय, विमानातून बोलतेस का?
पंख्याशिवाय काही ऐकू येत नाही."

परवा पंखा गप्प होता.
सामना रंगात आलेला, आणि हराच मध्येच थांबला.
"ते काय वाजतंय?"
"कुठे?"
"तुझ्या मागे. टक टक टक टक."
शोगिकनं वळूनही पाहिलं नाही.
"आई. शाळेच्या पँटी आहेत, साठ.
आता आम्ही दोघी एकदम चालतो."

हराच तिथेच उभा राहिला, उघड्यावर.
कुणीतरी त्याला टिपलं.
कितीतरी वेळ तो बोलला नाही,
आणि आईची टीप संपली, दोरा तुटला,
दुसरी टीप सुरू झाली, एवढं सगळं
विनिपेगपर्यंत स्वच्छ पोचलं.

"आता म्हणतो, माइक बंद ठेवत जा.
मी नाही ठेवत."

मी काही बोललो नाही.
मी वाचवलेले वॉट कुठे गेले
ते मला कळलं होतं, आणि ते काही
तिच्या आईच्या झोपेत गेले नव्हते.

खणात शोधाशोध करून
तिच्या लॅपटॉपला सातवा स्क्रू बसवला.
त्याचे पैसे घेतले नाहीत.