सपाट रेघ

गेली तीन वर्षं मी हरभरा मोजतो आहे.
वाणांना नावं नाहीत अजून,
पत्र्याच्या पट्ट्यांवर एक ते बारा आकडे,
आणि तेच बारा तीन जागी पेरलेले:
बार्से गावात देवकी वेळीपच्या मरडीवर,
आगोंदच्या खेरीत, जिथं द्यावं तेवढं पाणी वाळू पिते,
आणि असोळण्याला इनासच्या खाजनात,
भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर.

"गोंयांत चणो?" इनास हसला होता पहिल्या वर्षी,
"हांगा अळसांदे जातात, पात्रांव."
तरी त्यानं वाफे ओढून दिले.

पहाटे पानांवर आंब साचते.
वाकून घाटे मोजताना बोटांच्या चिरांत झोंबते,
नंतर दुपारपर्यंत चहाही आंबट लागतो.
मोरांनी खाल्लेल्या ओळीसमोर मी लिहितो : मोर.
तक्त्यात मोरासाठी रकाना नाही.

अकरा नंबर मरडीवर असा लगडला
की देवकीनं दुसरं पोतं मागवलं.
त्याच हंगामात मानशीची फळी कुजून सुटली,
खारं पाणी रात्रभर इनासच्या शेतात,
अकरा नंबर उभ्या उभ्या पिवळा.
सात नंबरनं तिथंही सव्वा किलो दिलं.
मरडीवर दीड. खेरीत थोडं इकडं-तिकडं.
कधी पहिला नाही,
कधी शेवटचा नाही.

उसगावकर साहेबांनी कागदावर रेघा काढल्या.
अकराची चढण घाटासारखी,
सातची जवळजवळ सपाट.
"हा स्थिर," म्हणाले, आणि सातभोवती गोल केला.
चारचीही रेघ सपाटच होती.
चार नंबर सगळीकडे सारखाच उपाशी ठेवतो.
त्याच्याभोवती कुणी गोल केला नाही.

चैत्रात बियाणं वाटायला बसलो.
देवकीपुढं सातची पिशवी सरकवली,
सरासरी समजावली, जमेल तेवढी.
तिनं ऐकून घेतलं,
मग अकराच्या पिशवीवर हात ठेवला.
"म्हजें शेत एकच. सरासरी तुमची."

मला उत्तर आलं नाही.
तिची मरड कधी खारवणार नाही.

इनासनं न विचारता सात उचलला.
त्याचंही शेत एकच,
पण मानस ठरवेल तसं
दरवर्षी ते दुसऱ्याच गावात असतं.

चार नंबरचे दाणे कुणी नेले नाहीत.
मी घरी आणून रात्री भिजत घातले.
लवकर शिजले.
आणि चव, खरं सांगायचं तर,
बाराही जणांत सगळ्यांत चांगली.