फॉर्म एकोणतीस, फॉर्म तीस

आडगाव नाक्याच्या पुढे, टायरवाल्याच्या शेडसमोर
उभी केली सकाळी साडेआठला.
धुतली नव्हती, मुद्दाम.
धुतलेली जुनी गाडी दिसली की गिऱ्हाईक आधी
काय झाकलंय ते शोधतं, असं रावजी म्हणायचा.

पेठहून भोये आले, सोबत मेहुणा.
मेहुणा बोलका. टायरला लाथ, बॉनेटवर थाप,
'ताई, फाळके कुठायत?'
फाळके नाहीतच. कधीच नव्हते.
विजेचे खांब आडवे टाकायचे तर बाजू कशाला?
सपाट पत्रा, सोळा कड्या, एक तुटकी,
आणि मधोमध पोचा,
सुरगाण्याच्या चढावर साखळी सुटली त्या दिवसाचा.

सांगितलं सगळं.
दुसऱ्या गिअरला कुरकुर आहे.
हीटर बंद होत नाही, मे महिन्यातसुद्धा.
मीटर एक लाख ऐंशी हजारावर थांबलंय,
तीन वर्षं झाली. गाडी थांबली नाही.

भोये वाकले. पुढच्या एक्सलवर बोट फिरवून
ग्रीसचा वास घेतला.
'चारी चाकं ओढतात ना?
आमच्याकडे रस्ता संपल्यावर घर सुरू होतं.'

मग शेडमागच्या नाल्यात उतरवली.
छोटा दांडा ओढला. बसेना.
माझा डावा तळहात आपोआप उचलला गेला
आणि दांड्याच्या बुडाशी पडला,
एकदा हळू, एकदा जोरात.
रावजीची थाप.
शिकवली नव्हती त्यानं कधी.
अकरा वर्षं शेजारी बसून आली असणार.
दांडा बसला. गाडी वर आली
गाळ उडवत, मेहुण्याच्या पांढऱ्या पँटीसकट.

भोयेंनी स्वतःच्या मांडीवर थापून बघितलं.
आधी जोरात, मग हळू.
'उलटं,' मी म्हटलं.
त्यांनी पुन्हा केलं.

सादिकभाईच्या कॅल्क्युलेटरवर
तीन पस्तीसचे तीन दहा झाले.
दोन चाव्या, विम्याचा कागद, चार सह्या.
का विकता, असा रकाना फॉर्मवर नाही.
खांब आता कंपनी क्रेननं आणते.
रावजीच्या डोळ्यांत पडदा आलाय.
मेहुण्यानं विचारलं असतं तर सांगितलं असतं.

संध्याकाळी रावजीला फोन केला.
किती आले, विचारलं नाही त्यानं.
'जॅक दिला का त्यांना?'

जॅक.
तो माझ्या खोलीत आहे,
वाऱ्यानं आपटणाऱ्या दाराला टेकवलेला.

उद्या पेठची एसटी,
मांडीवर जॅक घेऊन.