रिकामे नाही, म्हणून काढले नाही

काढणे म्हणजे उपटणे नव्हे,
हे वेंदुलाला ओत्मारने सांगितले होते,
ब्रनोच्या ऑफिसात, पहिल्याच आठवड्यात,
लसणाच्या सूपवर फुंकर घालत.
आपण आणलेले आपण उचलायचे.
फायली यादीत असतात, मोजून घे.
फोल्डरला मात्र आधी विचारायचे, आत कुणी आहे का?
आणि ओ आली, तर दार लोटून निघायचे.

जबरदस्ती केली तर?

त्याने चमचा खाली ठेवला.
केली होती एका पोराने.
स्क्रिप्टच्या शेवटी एकच ओळ, सगळे पुसणारी.
त्याचे पॅकेज गेले, आणि सोबत
शेजारच्या अकरा जणांचे फॉन्ट.
सकाळी ऑस्त्रावाच्या छापखान्यात
लग्नपत्रिकांवर नुसते चौकोन.
वधूच्या जागी चौकोन, वराच्याही.

आज त्याचेच जुने पॅकेज ती काढते आहे.
चारशे बारा फायली. गेल्या.
मग फोल्डर, डहाळीकडून बुंध्याकडे,
रिकामे ते मिटत गेले.
'शब्दकोश' राहिला. राहणारच.
त्यात स्लोव्हाक नांदतो, पोलिश नांदतो,
एकाने बिऱ्हाड हलवले म्हणून
कुणी चाळ पाडत नाही.

पण आतला 'स्थानिक' तर एकट्या ह्याचाच होता.
तोही हलेना.
यंत्राने न चिडता लिहिले:
रिकामे नाही, म्हणून काढले नाही.

आत एक फाईल. कुठल्याच यादीत नसलेली.
सोळा वर्षांपूर्वीचा एक रविवार तिच्यावर.
एकोणीस शब्द, ओत्मारच्या गावाकडचे,
ज्यांच्याखाली प्रागचा शब्दकोश लाल रेघ ओढतो.
शुफानेक: सूप वाढायचा डाव.
रोझ्नोउत: दिवा लावणे.

मार्चमध्ये तो निवृत्त झाला तेव्हा
मग नेला, निवडुंग नेला,
त्याचा नसलेला एक चार्जरसुद्धा नेला.
हे मात्र विसरला.
किंवा विसरला नाही.

वेंदुलाने जबरदस्तीचा हुकूम टाइप केला,
एंटरवर बोट ठेवून बसली,
मग एकेक अक्षर मागे घेतले.
नोंदीत लिहिले: इशारा आला. चालेल.

खोलीत कधीचा अंधार झाला होता.
रोझ्नोउत, ती म्हणाली, आणि कोट घ्यायला उठली.
दिवा लागला.
उठली म्हणून लागला; छताला सेन्सर आहे.